ब्लाउजचा डौल मुंढ्यात असतो

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली आणि शहापुरात कापडाच्या दुकानांपासून शिलाईच्या दुकानांपर्यंत पाय ठेवायला जागा उरत नाही. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूरकडची मंडळीही लग्नाचा बस्ता बांधायला इथे येतात. ह्याच दिवसांत पुरवण्यांतून ब्लाउजच्या नव्या डिझाइनचे फोटो येतात आणि त्यांच्या शेजारी पॅरिसच्या एखाद्या नामांकित फॅशन डिझायनरची सौंदर्याविषयीची चार मते. मते चांगली असतात. पण ती कोणत्या टिपेत, किती इंचांत उतरवायची, हे कुठे छापलेले दिसत नाही. शिवणकाम करणारे आणि शिकवणारे म्हणून आम्हांला त्याबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

पॅरिसमध्ये ‘ओत कुत्यूर’, म्हणजे एकेका गिऱ्हाइकासाठी बेतलेले उंची शिवणकाम, ह्या नावाला १९४५ पासून कायद्याचे संरक्षण आहे. कोणीही उठून आपल्या दुकानावर ती पाटी लावू शकत नाही. कपडा त्या एका गिऱ्हाइकासाठी, त्याच्याच मापाने शिवलेला हवा, अंगावर चढवून निदान एक फिटिंग व्हायला हवी, पॅरिसात स्वतःचे शिवणघर हवे आणि तिथे निदान पंधरा माणसे पूर्ण वेळ कामाला हवीत. ह्या अटी नीट वाचाव्यात. माप, फिटिंग आणि माणसांचे हात ह्यांवर तो मान ठरतो, किती मणी लावले ह्यावर ठरत नाही. २०२० च्या जानेवारीत राहुल मिश्रा हे तिथल्या ओत कुत्यूर सप्ताहात आपले काम मांडणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले. त्यांचे भरतकाम पाहून आपल्याकडे आरीवर्कची, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेल्या भरतकामाची, मागणी वाढते, पण ते भरतकाम ज्या कपड्यावर बसले आहे त्याचा खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचा बगलेचा गोल काप, कोणी पाहत नाही.

डौलाबद्दल ज्यांचे मत आम्हांला सर्वांत पटते ते फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा. स्पेनमधल्या गेतारिया नावाच्या कोळ्यांच्या गावात १८९५ साली त्यांचा जन्म झाला. आई शिवणकाम करणारी. १९३७ मध्ये पॅरिसात दुकान थाटले आणि १९६८ मध्ये स्वतःहून बंद केले. चित्र काढण्यापासून कापण्या-शिवण्यापर्यंत सगळे काम त्यांना स्वतःच्या हाताने येत होते, आणि मुलाखती त्यांनी जवळजवळ दिल्याच नाहीत. त्यामुळे त्यांचे मत त्यांच्या बाहीत वाचावे लागते. लावलेली बाही मनासारखी बसली नाही की उसवायची आणि पुन्हा लावायची, ह्यासाठी ते ओळखले जात. १९५१ मध्ये त्यांनी पुढून अंगाला धरलेला आणि पाठीला सैल सोडलेला सूट काढला. कॉलर मानेपासून जराशी दूर, बाही मनगटाच्या थोडी वरच थांबलेली. पोट सुटलेल्या, वय झालेल्या बायकांनाही त्यांचा कपडा शोभे, कारण तो कापतानाच अंगाची हालचाल हिशेबात घेतलेली असे. अंगाला आवळून कमनीय करण्याची वाट त्यांनी धरली नाही. १९४७ मध्ये पॅरिसचेच डिझायनर क्रिस्तियान दिओर ह्यांनी बारीक कमरेचा घेरदार पोशाख आणून जग जिंकले होते, तोही थोर कारागिरीचा नमुना होता, पण आमच्या रोजच्या कामाला बालेन्सियागांचा धडा जास्त उपयोगी आहे.

तो धडा आपल्या साडीच्या ब्लाउजला लावून पाहू.

बसमध्ये वरचा दांडा धरायला, फळ्यावर लिहायला, फडताळातला डबा काढायला बाईने हात वर केला की ब्लाउज अख्खा वर सरकतो. खालची पट्टी छातीवर चढते. हात खाली आला की पदराआडून ब्लाउज खाली ओढावा लागतो. दिवसभर हे असे चालते. पाठीवर कितीही सुंदर नक्षी असो, त्या ओढण्यात डौल राहत नाही. ह्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते: मुंढा गरजेपेक्षा खोल कापलेला असतो.

लोकांना नेमके उलटे वाटते. मुंढा खोल ठेवला तर हात मोकळा राहील, असा समज आहे. गिऱ्हाईकही सांगते, “मामा, बगलेत काचतंय बघा, जरा खोल करा की.” कारागीर अर्धा इंच खोल करतो आणि पुढच्या वेळी ब्लाउज आणखी वर चढतो. मुंढा जितका खोल, तितकी बगलेतली शिवण बगलेपासून लांब खाली गेलेली असते. हात वर जाताना बाही त्या शिवणीला धरून बाजूचे सगळे कापड वर खेचते. मुंढा बगलेजवळ असला की हात आपल्या जागी फिरतो आणि अंगावरचे कापड हलत नाही. बगल आणि शिवण ह्यांच्यामध्ये एक बोट आडवे जाईल, म्हणजे अर्धा ते पाऊण इंच, एवढीच जागा पुरे. तरीही काचत असेल तर खोली वाढवण्याआधी पुढच्या मुंढ्याचा गोल पाहावा. माणसाचे हात पुढे काम करतात, म्हणून पुढचा गोल मागच्यापेक्षा साधारण अर्धा इंच जास्त आत कोरलेला हवा. घाईच्या कापणीत पुढचे-मागचे दोन्ही पदर एकावर एक ठेवून एकाच गोलाने कापले जातात आणि पुढे कापड साचून बगलेत टोचते. तिथे पाव पाव इंचाने पुढेच कोरावे. खाली एक सूतही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, जाऊ नये.

मुंढ्याचे माप छातीवरून काढण्याची रीत सगळीकडे शिकवली जाते. छातीचा सहावा भाग अधिक अर्धा इंच, म्हणजे ३६ छातीला साडेसहा. हिशेब सोपा आहे आणि मध्यम अंगाला चालून जातो. पण छाती ४२ झाली की तोच हिशेब साडेसात देतो. वयाने, बाळंतपणाने अंग सुटते तेव्हा छातीचा घेर वाढतो. खांद्यापासून बगलेपर्यंतचे अंतर त्या प्रमाणात वाढत नाही, कारण ते हाडावर ठरलेले असते. म्हणून जाड अंगाच्या बायकांचे ब्लाउज हमखास बिघडतात आणि दोष त्यांच्या अंगाला दिला जातो, हे आम्हांला फार खटकते. खरे माप घेणे अवघड नाही. बगलेत फूटपट्टी आडवी, जमिनीला समांतर धरायला सांगावी. खांद्याच्या टोकापासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावावा. जे अंतर येईल त्यात अर्धा ते पाऊण इंच मिळवावा. दोन्ही बाजूंचे माप वेगवेगळे घ्यावे. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उतरलेला असणे अगदी नेहमीचे आहे.

मुंढ्याला जोडून बाहीचा माथा येतो. बाहीच्या वरच्या गोलाची उंची जास्त ठेवली तर हात खाली असताना बाही सुरेख, बिनचुणीची दिसते, पण दंडाला अरुंद होते आणि हात उचलताना अडवते. उंची कमी ठेवली तर हात मोकळा फिरतो, पण बगलेजवळ चुण्या पडतात. लग्नात पाटावर बसणाऱ्या नवरीची आणि रोज शाळेत शिकवणाऱ्या बाईंची बाही ह्यासाठी वेगळी कापायला हवी. एकच पुठ्ठ्याचा साचा दोघींना चालवू नये.

बाहीच्या माथ्याचा गोल मुंढ्याच्या गोलापेक्षा थोडा लांब ठेवतात. सुती आणि मऊ कापडाला एक ते सव्वा इंच जास्त चालते. पैठणी, ब्रोकेड असल्या घट्ट विणीच्या कापडाला अर्धा ते पाऊण इंचच ठेवावा, कारण जरीचे कापड दबत नाही आणि खांद्यावर फुगे येतात. ही जास्तीची लांबी पिनांनी कोंबायची नसते. माथ्यावर दोन ओळी लांब टाक्यांचा धावदोरा घालावा, दोरे हलकेच ओढून गोल आत घ्यावा, मग गोल उशीवर ठेवून वाफेने ती चुणी कापडातच मुरवावी आणि त्यानंतरच बाही लावावी. लावताना बाहीवर आखलेली उभ्या धाग्याची रेषा हात सैल सोडल्यावर सरळ खाली पडते का, हे पाहावे. शिलाई मशीनवर, संगणकावर, ओट्यापाशी काम करणाऱ्यांचे हात पुढे झुकलेले असतात. त्यांच्या बाहीला मागच्या बाजूने तिरक्या चुण्या पडतात. अशा वेळी बाही उसवून तिचा माथा पाव ते अर्धा इंच पुढे फिरवून लावला की चुण्या जातात. बालेन्सियागा जे उसवत बसत ते हेच.

खणाची जुनी गाठीची चोळी आठवावी. गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला अरुंद, म्हणून चोळी थोड्या कापडात, सरळ तुकड्यांतून बेतायची आणि बगलेत कळी, म्हणजे कापडाचा छोटा जोडतुकडा, घालायची. त्या कळीमुळे अंगासरशी चोळी असूनही बाई जात्यावर बसायची, पाणी शेंदायची. पॅरिसच्या कपड्यांतही अंगाबरोबर अखंड कापलेल्या बाहीच्या बगलेत असाच तिरका तुकडा घालून हात मोकळा करतात. आज खणाचे ब्लाउज पुन्हा आवडीने शिवले जातात ही आनंदाची गोष्ट आहे, पण बगलेतली कळी मात्र कोणी मागत नाही आणि कोणी घालतही नाही.

आता मापाच्या ब्लाउजविषयी. आपल्याकडे पुष्कळ बायका स्वतःचे माप न देता जुना ब्लाउज मापाला देतात. तो ब्लाउज वर्षभर धुऊन तिरक्या धाग्यात ताणलेला असतो, गळा मोठा झालेला असतो, अस्तर आटलेले असते. त्यावर टेप लावून नवा शिवला की जुनी चूक नव्यात येते आणि तिच्यावर नवी अर्ध्या सुताची चूक चढते. अशा चार-पाच ब्लाउजांनंतर खांदा कुठल्या कुठे गेलेला असतो. मापाचा ब्लाउज गळ्याची आवड आणि बाहीची लांबी सांगायला ठेवावा. बाकी माप अंगावरच घ्यावे: वरची छाती, भर छाती, खालची छाती, खांदा ते छातीचे टोक, दोन टोकांमधले अंतर, पुढची उंची, मागची उंची, पाठीची रुंदी, खांदा, दंड आणि वर सांगितलेला मुंढा. घेताना रोजचे आतले कपडेच अंगावर असावेत. माप देताना श्वास रोखून ताठ उभे राहिले तर माप खोटे येते.

पॅरिसमध्ये किमती कापडाला कात्री लावण्याआधी साध्या सुती कापडात अख्खा कपडा उभा करतात. त्या कापडाला आपल्याकडे मांजरपाट म्हणतात आणि ते गल्लोगल्ली मिळते. पैठणीच्या काठाचा ब्लाउजपीस एकच असतो, चुकला तर दुसरा आणता येत नाही. अशा वेळी मीटरभर मांजरपाटाचा खर्च काहीच नाही. मांजरपाट आधी भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करून घ्यावे. त्यावर पेन्सिलने मधली उभी रेषा आणि छातीची आडवी रेषा आखावी, मग कापावे. अंग पूर्ण शिवावे, बाही एकच लावली तरी पुरे, उजवी. गिऱ्हाइकाने अंगात घातल्यावर ताबडतोब पिना लावू नयेत. दोन मिनिटे नुसते पाहावे. हात वर करायला, खाली बसायला, वाकायला सांगावे.

चुण्या काय सांगतात ते वाचता आले पाहिजे. पाठीत गळ्याखाली आडवी घडी पडत असेल तर पाठ लांब कापली गेली आहे. घडी चिमटीत धरून जेवढी येईल तेवढी कमी करावी. छातीची आडवी रेषा समोर वर चढत असेल तर पुढची उंची अपुरी आहे. बाजूच्या शिवणीकडून छातीच्या टोकाकडे तिरकी ओढ दिसली तर टक, म्हणजे छातीला उठाव देणारी निमुळती चुणी, लहान आहे. खांद्याच्या मानेकडच्या टोकापासून बगलेकडे तिरक्या चुण्या उतरत असतील तर खांदे उतरते आहेत. खांद्याच्या बाहेरच्या टोकाला शिवण थोडी खाली घ्यावी आणि मुंढाही तेवढाच खाली न्यावा, नाहीतर वर सांगितलेला त्रास उलटा, काचण्याचा, सुरू होतो. उभ्या घड्या पडल्या तर कपडा सैल आहे, एवढाच अर्थ. टकाचे टोक छातीच्या टोकाच्या पाऊण ते एक इंच अलीकडे थांबवावे. टक थेट टोकापर्यंत नेला की तिथे कोंब उभा राहतो आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही.

खऱ्या कापडाची पहिली ट्रायल कच्च्या दोऱ्यावर व्हावी. अर्ध्या इंचाचे टाके, सुती धागा, ओढला की तुटणारा. गळा आणि मुंढा ट्रायलच्या आधी पुरता कोरू नये; अर्धा इंच कापड राखून ठेवावे. कापलेले कापड परत येत नाही. रेशमावर पिना फक्त शिवणीच्या मायेतच, म्हणजे शिवणीबाहेर राखलेल्या जास्तीच्या कापडातच, टोचाव्यात, कारण ब्रोकेडवर भोक राहते, आणि आपल्या पावसाळी हवेत लोखंडी पीन रात्रभर राहिली तर गंजाचा डाग पडतो.

माया हा शब्द आमच्या धंद्यात रोजचा आहे आणि तीच हल्ली आटत चालली आहे. बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या पदराला एकेक इंच माया ठेवली, तर पाव इंच शिलाईला सोडून दोन्ही बाजूंच्या चार पदरांतून मिळून तीन इंच घेर वाढवता येतो. लग्नातला ब्लाउज डोहाळजेवणालाही होतो आणि बारशालाही. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉकच्या मशीनवर कड पकडताना सुरीने ती माया छाटली जाते आणि ब्लाउज एका वर्षात पेटीत पडतो. ओव्हरलॉक करावे, पण सुरी लागणार नाही अशा बेताने, अगदी कडेवरून. किंवा हाताने कड भरावी. पॅरिसचे कपडे पिढीतून पिढीत जातात, मुलीच्या अंगावर उसवून बेतता येतात, ते ह्याच मायेमुळे.

अस्तराविषयी थोडक्यात. टू बाय टू रुबिया असो की पॉपलीन, अस्तर न भिजवता लावू नये. सुती कापड पहिल्या पाण्यात मीटरमागे तीन ते पाच सेंटीमीटर सहज आटते, वरचे रेशीम तेवढे आटत नाही, मग ब्लाउज धुतल्याबरोबर वर सुरकुत्या येतात आणि शिवणाऱ्याचे नाव जाते. साडीच्या फॉलचेही तेच. फॉल भिजवून, इस्त्री करून, हाताने लावावा. उलट्या बाजूने टाका घेताना वर एकच धागा उचलावा. इरकलीसारख्या सुती अंगाच्या साडीला मशीनची टीप मारली की निऱ्यांचा खालचा काठ ताठ होतो आणि चालताना पायाला फटके मारतो. पॅरिसच्या डिझायनर कोको शनेल आपल्या जाकिटाच्या खालच्या कडेला आतून बारीक साखळी शिवत, जाकीट सरळ पडावे म्हणून. फॉलचे काम तेच आहे: साडीला खालून अगदी थोडे वजन देणे. पण जास्त वजन झाले की पडण बिघडते.

मुलींच्या अंब्रेला घेराच्या घागऱ्यांची एक तक्रार नेहमीची आहे. आणला तेव्हा खालची कड सरळ होती, दोन आठवड्यांत बाजूंनी लोंबली. पूर्ण गोल कापताना कापडाचा काही भाग उभ्या धाग्यात येतो, काही आडव्या धाग्यात आणि काही ४५ अंशांत तिरका. तिरका भाग स्वतःच्या वजनाने ताणत खाली येतो. ह्या तिरक्या धाग्याला ज्यांनी शास्त्र करून दाखवले त्या मादलेन व्हिओने. १८७६ चा जन्म. १९१२ मध्ये पॅरिसात स्वतःचे शिवणघर काढले आणि १९३९ मध्ये बंद केले. लहान लाकडी बाहुलीवर कापड टाचून त्या आधी बेत करत, मग मोठे कापत. तिरका धागा लोंबणार हे गृहीत धरूनच त्या बेतत असत. आपल्याकडे उपाय एवढाच आहे: घेर कमरपट्टीला जोडून, कड न दुमडता, निदान दोन रात्री टांगून ठेवावा. मग मुलीच्या अंगात घालून, ती ज्या चपला घालणार त्या घालून, जमिनीपासून पट्टीने वर मोजत खडूची खूण करावी आणि नंतर कड दुमडावी. हे दोन दिवस वाचवायला गेले की घागरा परत दुकानात येतो. जड भरतकामाचा घागरा असेल तर आतून दीड-दोन इंच रुंदीची न ताणणारी सुती पट्टी कमरेला हुकांनी घट्ट बसवावी. पॅरिसच्या जड गाऊनलाही आतून असा पट्टा असतो. वजन त्या पट्ट्यावर राहते, नाडीवर आणि पर्यायाने मुलीच्या पोटावर येत नाही.

इस्त्री हा शेवटचा सोपस्कार नव्हे. एक शिवण दुसरीला छेदण्याआधी ती उघडून दाबलेली असली पाहिजे. घासायची नाही, उचलून ठेवायची. रेशमावर ओलसर पातळ सुती कापड घालून, आणि जरीत प्लास्टिकचे धागे असतील तर तुकड्यावर आधी करून पाहावी; ते उष्णतेने आखडतात.

आता आतल्या बाजूकडे यावे. धारवाडची कशिदाकारी, जिला कसूती म्हणतात, ती कापडावर आखून करत नाहीत. उभे-आडवे धागे मोजून करतात. गावंती, मुरगी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टाके. मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यासारखा फुलीचा टाका. गावंती आणि मुरगी उलटसुलट सारखे दिसतात, आणि धाग्याला गाठ मारायची नसते. गोपूर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती असे सगळे गाठीशिवाय. काळ्या चंद्रकळेवर हे काम करणाऱ्या बायकांनी पॅरिस पाहिले नव्हते, पण उलटी बाजू सुलटीइतकी स्वच्छ ठेवायची हा तिथल्या शिवणघराचा दंडक त्या पाळत होत्या. इरकलीत अंगाचा ताणा सुती आणि पदराचा रेशमी, त्यांची जोड एकेका फाशाने घालतात. ती जोड दिसत नाही, तरी तीच साडी धरून ठेवते. शहापूर, वडगाव, खासबागच्या विणकरांना हे सांगायला नको. आम्हां शिवणाऱ्यांना आणि शिवून घेणाऱ्यांना मात्र ह्याची आठवण करून द्यावी लागते. आज दुकानात ब्लाउज घ्यायला आलेली ताई तो उलटा करून पाहत नाही. पाहिला तर मशीनचे लोंबते दोरे, छाटलेली माया, वेडेवाकडे अस्तर आणि गळ्याच्या पट्टीत कोंबलेले बकरम, म्हणजे ताठपणासाठीचे कडक कापड, दिसेल.

ह्याला कारागीर जेवढा जबाबदार तेवढाच हिशेबही. अस्तराचा ब्लाउज नीट शिवायला सहा-सात तास लागतात. मांजरपाटाचा नमुना आणि दोन ट्रायल धरल्या तर आणखी दोन-अडीच तास. हे तास आज कोणी देत नाही, कारण दर ब्लाउजमागे ठरतो, वेळेमागे नाही. आरीवर्कला भाव मिळतो, मुंढा बसवायला मिळत नाही. मग कारागीर जिथे पैसे आहेत तिथे वेळ घालतो. त्याचे घर त्यावर चालते. आमची दुकानदार बंधुभगिनींना विनंती आहे की ट्रायलचा दर वेगळा लिहून पाटीवर लावावा, आणि गिऱ्हाइकांना विनंती आहे की लग्नाच्या मुख्य दोन-तीन कपड्यांसाठी तरी वीस दिवस आधी यावे आणि दोन फेऱ्या माराव्यात. पहिल्या दिवशी माप आणि कापड भिजवणे, चार दिवसांनी मांजरपाट, आठ-दहा दिवसांनी कच्ची ट्रायल, मग पक्की टीप. रोजच्या वापराच्या ब्लाउजला एकदा बसलेला मांजरपाटाचाच साचा कागदावर उतरवून, वर तारीख घालून ठेवला की पुन्हा एवढा वेळ लागत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, आणि साहित्यासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतची मदत आहे. बहुतेकांचा विचार नव्या मशीनवर थांबतो. ज्यांच्याकडे चालू मशीन आहे त्यांनी वाफेची चांगली इस्त्री, बाहीसाठी गोल उशी आणि अरुंद पाटी, धारेची कात्री ह्यांचा आधी विचार करावा. शिवणक्लास चालवणाऱ्या आमच्या भगिनींनी परीक्षेच्या ब्लाउजला गुण देताना तो मुलीच्या अंगात घालून दोन्ही हात वर करायला लावावेत आणि खालची पट्टी किती सरकली ते पट्टीने मोजावे. अर्ध्या इंचाच्या आत सरकली तर मुंढा बसला.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या लग्नसराईच्या पुरवणीत पाठीच्या नक्षीचे फोटो जरूर छापावेत. त्यांतल्या एका ब्लाउजचा फोटो मात्र उलटा करून, अस्तर, माया, मुंढ्याची शिवण आणि बाहीची जोड दिसेल असा छापावा, आणि खाली मुंढ्याची खोली व बाहीच्या माथ्याची उंची इंचांत द्यावी. असा एक ब्लाउज आम्ही आनंदाने शिवून देऊ.

आपले,
शिवणकाम करणारे व शिकवणारे काही कारागीर,
शहापूर, बेळगाव